आधी पाणी, मग मासे, मशीन शेवटी

"काय गं, काल रिक्षातून काचेचं काय उतरवलंस? चादरीत गुंडाळून?"

"माशांची टाकी हो काकू. अणुशक्ती कॉलनीतलं एक कुटुंब बदली होऊन कैगाला चाललंय. त्यांनी आठशेला काढली. दोन फुटी आहे. लेकाने डोकं खाल्लं होतं, शेवटी आणली."

बोईसरला आमच्या लायनीत अजून बैठी घरं आहेत आणि दोन घरांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. पलीकडे काकूंचं अळू, अलीकडे माझी कपड्यांची दोरी. काकू एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमधून रिटायर झाल्या. सगळी नोकरी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की त्यांच्या हातातलं अळू हातातच राहतं.

"टाकी आली. फिल्टरचं काय?"

"तेच तर. दुकानदाराने चिठ्ठी दिली आहे. कॅनिस्टर फिल्टर, त्यात यूव्हीचा दिवा, वर घरात छोटा आरओ, कारण माशांना शुद्धच पाणी लागतं म्हणे. सगळं मिळून पंधरा हजारांच्या वर."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोपऱ्यावरच्या बंगल्यासारखं करून बसू नकोस हो."

"का? त्यांचं काय झालं?" मी कुंपणाला टेकले.

"तुला माहीतच नाही? अगं, त्यांना वास्तुवाल्याने सांगितलं, ईशान्येला पाणी हवं. झालं. चार फुटी टाकी, खाली सागवानी कपाट, आत निळे दिवे, सगळ्यात महागडा फिल्टर. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी चाळीसेक मासे सोडले. पाणी सगळं आरओचं, पिंपं भरभरून. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. आठवडा नाही झाला तोच मासे उलटे तरंगायला लागले. मग दुकानदाराकडून निळं औषध, त्यावर पिवळं औषध. आणि ती बंगल्यातली बाई काय सांगत सुटली, हळदीकुंकवाला आलेल्या कुणाची तरी नजर लागली."

"म्हणजे आपलीच!"

"आपलीच की. मी गप्प बसले. नजर नव्हती गं ती. अमोनिया होता."

"पण फिल्टर तर उत्तम होता ना?"

"उत्तम होता आणि कोरा होता. फिल्टरने दिसणारी घाण अडकते, ती काही मासा मारत नाही. मासा मरतो तो न दिसणाऱ्या घाणीने. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. त्यात त्याची विष्ठा कुजते, न खाल्लेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया. पाणी आरशासारखं दिसतं आणि आत विष साठत जातं. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते. ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू स्पंजात, वाळूत, दगडांवर चिकटून राहतात. फिल्टरने फक्त त्यांना जागा द्यायची आणि त्यांच्या अंगावरून पाणी फिरवायचं. खरं काम जिवाणूंचं."

"तुमच्या ईटीपीत चालायचं तेच हे."

"अगदी तेच. एरेशन टँकमध्ये ब्लोअर लावून हवा सोडतात ती अशाच मंडळींसाठी. तारापूरचा सगळ्या कारखान्यांचा सामाईक जुना सीईटीपी पंचवीस एमएलडीचा, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटरचा. तुझी टाकी पन्नास लिटरची. शास्त्र दोन्हीकडे एकच. आणि तिथेही नवा प्लँट पहिल्या दिवशी पूर्ण लोडवर घेतला की झोपतो."

"मग जिवाणू यायला किती दिवस लागतात?"

"चार ते सहा आठवडे धर. पोट बिघडवणारे जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, पण हे संथ. यांना एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. म्हणून मासे सोडायची वेळ आली तरी सुरुवातीला दोन-तीनच, आणि चिमूटभर खाणं. घाई असेल तर सरळ उपाय आहे. दुधाला विरजण लावतो तसं चालू टाकीतल्या जुन्या स्पंजाचा तुकडा आणायचा आणि नव्या फिल्टरजवळ ठेवायचा. कॉलनीतल्या त्या माणसांना आत्ता फोन कर. त्यांचा जुना स्पंज फेकला नसेल तर माग. पण टाकीच्याच पाण्यात भिजवून आण, सुकला की संपलं."

मी फोन लावला. स्पंज बादलीत होता, अजून ओला. काकूंच्या चेहऱ्यावर लॅबमधला रिपोर्ट पास झाल्यासारखा आनंद.

"आता सांगा, घेऊ कोणता?"

"आधी टाकीचं गणित. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. साठ गुणिले तीस गुणिले तीस, म्हणजे ५४ लिटर. तळाला वाळू, वर चार बोटं मोकळी, खरं पाणी पंचेचाळीसच. पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं की पुरे, म्हणजे ताशी दोन-सव्वादोनशे लिटर. खोक्यावर जो आकडा छापतात तो पाणी वर चढवायचं नसताना आणि स्पंज कोरा असताना मोजलेला असतो. म्हणून थोडा वरचा बघायचा. पण पाचपट मोठा नको, बिचारे मासे दिवसभर प्रवाहाशी झगडत बसतील."

"आणि प्रकार?"

काकूंनी अळूची पानं कुंपणावर ओळीने मांडली. एकेक पान म्हणजे एकेक फिल्टर.

"हे पहिलं, स्पंज फिल्टर. हवेच्या पंपावर चालतो. दीड-दोनशेला मिळतो, पंप तीनेकशेचा, नळी आणि छोटा व्हॉल्व्ह मिळून पन्नास-साठ. सहाशेच्या आत खेळ आटोपला. बुडबुड्यांचा आवाज येतो आणि टाकीत तो दिसतो, एवढेच दोष. हा दुसरा, टाकीच्या आत काचेला चिकटवायचा पॉवर फिल्टर. पाचशेपासून हजारापर्यंत. कचरा जास्त ओढतो, पण स्पंज छोटा म्हणून लवकर तुंबतो. तिसरा, टाकीच्या मागच्या काठावर अडकवायचा, हँग ऑन म्हणतात तो. हजार ते दोन हजार. स्वच्छ करायला सोपा. चौथा कॅनिस्टर, चार हजारांपासून पुढे. तो तीन-चार फुटी टाकीला, मोठ्या माशांना. दोन फुटीला कशाला?"

"आणि वाळूखाली बसवतात ती जाळी?"

"अंडरग्रॅव्हल. जुन्या काळी सगळ्यांकडे तीच असायची. चालते, पण घाण वाळूखाली साठते आणि ती काढायची तर अख्खी टाकी उपसावी लागते. तुझ्याच्याने व्हायचं नाही."

"यूव्हीचा दिवा?"

"टाकी उन्हात ठेवून पाणी हिरवं झालं तर त्याचा उपयोग. अमोनियाला तो काही करत नाही. उन्हात ठेवू नकोस, दिव्याचे पैसे वाचले."

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. "ए बाय, बोंबील घेतेस काय? ताजे हायेत!" नवापूरच्या मावशी. पाटी उतरवून त्या कुंपणाशी आल्या आणि पडवीतल्या टाकीकडे बघून म्हणाल्या, "ह्यात कोळंबी ठेवणार काय?"

"शोभेचे मासे ठेवणार, मावशी."

"खायचे नाय, नुसते बघायचे?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि त्यांच्यासाठी पाणी साफ करायचं मशीन? मग बाय, एक मशीन आमच्या नवापूरच्या समुद्रात बसव. कंपन्यांचं पाणी पाइपातून तिथंच येतं. आमचे धनी लांब लांब जातात आताशा."

काकू जरा चुळबुळल्या. "अहो, आमच्या कंपनीचा ईटीपी चालू असायचा हो."

"रात्रीपण?"

काकूंनी बोंबील निवडायला घेतले. मावशींनी सोडलं नाही. "केंद्राच्या प्रदूषण मंडळाने २०१८ ची प्रदूषित भागांची यादी काढली, त्यात तारापूर देशात पहिलं. शंभरात ९३.६९! माझ्या नातवाला शाळेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते. आमच्या मांगेला समाज परिषदेने २०१६ साली हरित लवादात केस केली, २०२२ ला लवादाने कारखान्यांना आणि त्या सीईटीपीला मिळून कोट्यवधींचा दंड लावला. पापलेटला सरकारने राज्याचा मासा केलं, २०२३ ला. मान दिला, पण मासा कुठाय?"

"खरं आहे मावशी," काकू शेवटी म्हणाल्या. "पंचवीस एमएलडीच्या प्लँटवर त्याहून जास्त पाणी आलं की जिवाणू काय करतील? झेपेल तेवढंच खातील. बाई, हेच तू टाकीत लक्षात ठेव. फिल्टर कितीही चांगला असो, त्याला झेपतील तेवढेच मासे."

"किती झेपतील?"

"तुझ्या टाकीत बोटाच्या पेराएवढे आठ-दहा. गोल्डफिश मात्र नको. दुकानात तो इवलासा दिसतो, पण हातभर नाही तरी वीतभर सहज वाढतो आणि घाण प्रचंड करतो. गोल भांड्यात ठेवतात ते तर पापच."

मावशींनी बोंबलांचे पैसे घेतले, पण पाटी काही उचलली नाही. त्यांनाही आता रस आला होता. "पाणी कुठलं टाकणार? बोअरचं?"

"आमच्याकडे नळाला सूर्या नदीचंच येतं ना," मी म्हटलं. "जेव्हा येतं तेव्हा."

"धरण उशाला आणि कोरड घशाला," काकू म्हणाल्या. "धामणी धरणाचं पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरला चाललं. आपण बसा नळ उघडा ठेवून. पण जे येतं ते माशांना चांगलं आहे. धरणाचं पाणी तसं मऊच. एमआयडीसीच्या आसपासचं बोअरचं पाणी मात्र टाकीत घालू नकोस, त्यात काय उतरलंय ते सांगता येत नाही. आणि आरओचं तर मुळीच नको."

"का? शुद्ध असतं ना?"

"फारच शुद्ध. आरओ पाण्यातले क्षारच काढून टाकतो. माशाला ते थोडे लागतात, आणि पाण्याचा पीएच स्थिर राहायलाही लागतात. क्षार नसले की पीएच गडगडतो, आणि तो फार खाली गेला की आपले जिवाणूही काम थांबवतात. बंगल्यात तेच झालं. शिवाय एक लिटर आरओ पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओची गरज नाही, असं हरित लवादानेच २०१९ मध्ये सांगितलंय, आणि ते माणसांसाठी! मासा तर नदीतून आलेला प्राणी."

"मग टीडीएसचं मीटर घेऊ? दुकानदार अडीचशेला देतोय."

"ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. अमोनिया किती, क्लोरीन किती, हे त्याला कळत नाही. मीटरवर दीडशे दिसलं म्हणून पाणी चांगलं, असं समजू नकोस. पैसे घालायचे तर अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या थेंबांच्या किटमध्ये घाल. परीक्षानळीत पाणी, त्यात थेंब, मग रंग पट्टीशी जुळवायचा. दोन्ही शून्य दिसले पाहिजेत. नायट्रेट चाळीसच्या आत. तुझा मुलगा सातवीत आहे ना? त्याला करू दे, शाळेत सांगून समजत नाही ते इथे समजेल."

"क्लोरीनचं काय म्हणालात?"

"नळाच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असा नियम आहे, आपल्यासाठी तो चांगला. माशाच्या कल्ल्यांना मात्र तेवढाही झोंबतो आणि जिवाणूंना मारतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पंचायतीची माणसं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर जरा सढळ हाताने टाकतात, तेव्हा तर बघायलाच नको. पाणी बादलीत उघडं काढून एक दिवस ठेव, त्यात हवेची नळी सोडलीस तर आणखी बरं. बहुतेक क्लोरीन उडून जातो. नाहीतर हायपो. फोटो स्टुडिओवाले फिल्म धुवायला वापरायचे ते सोडियम थायोसल्फेट. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून पुडीत मिळतं, दोन-चार खडे बादलीला पुरतात. आणि तुरटी फिरवलेलं पाणी टाकीत घालायचं नाही."

"आमच्या चिंचणीच्या नणंदेकडे विहिरीचं पाणी मचूळ आहे," मी सांगितलं. "तिने आणलेले निळ्या पट्टीचे मासे टिकलेच नाहीत."

"निऑन टेट्रा असणार. तो मऊ, आंबट पाण्यातला. तिला सांग, मॉली आण. गप्पी आण. त्यांना क्षारांचं पाणी मानवतं. मॉली तर खाडीच्या तोंडाशी, निमखाऱ्या पाण्यातही राहते. हजारो रुपयांची मशीनं लावून पाणी बदलण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवेल तो मासा आणला की अर्धा खर्च तिथेच वाचतो. ही गोष्ट कोणताही दुकानदार सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नाही."

"गप्पी म्हणजे मलेरियावाले विहिरीत सोडतात तेच काय?" मावशींनी विचारलं.

"त्याच जातीतले. आरोग्य केंद्राचे साधे राखाडी, दुकानातले शेपटीवाले रंगीत. डासांच्या अळ्या दोघेही खातात."

"आणि मऊ पाण्याचा पीएच खाली जाऊ नये म्हणून?"

"त्यालाही औषध विकत घ्यायला नको. चिंचणीच्या किनाऱ्यावरून मूठभर रिकामे शिंपले आण, घास, उकळ आणि फिल्टरजवळ ठेव. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, गरजेपुरता हळूहळू विरघळतो. मूठभर म्हणजे मूठभरच हं. पीएच सातला अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, आठला तोच पाच टक्क्यांवर जातो. जास्त शिंपले घालून स्वतःच संकट ओढवून घ्यायचं नाही."

आतून काकांचा आवाज आला, "चहाचं काही?" काकूंनी "गॅसवर आहे" असं सांगितलं. गॅसवर काही नव्हतं. काका स्वतःच बाहेर आले आणि टाकी बघून खूश झाले. "आम्ही लहानपणी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय बघायला जायचो. १९५१ चं ते. देणगी देणारे तारापोरवाला, म्हणजे आडनाव आपल्या तारापूरचंच! मुंबईला मत्स्यालय दिलं, तारापूरला अणुभट्टी आली."

"आणि मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे," काकूंनी विषय मिटवला. "अणुभट्टीवरून आठवलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आपल्या उशाशी, आणि पावसाचे चार थेंब पडले की लाईट जाते. त्याचा विचार केलास का?"

"लाईट गेली तर मासे मरतील?"

"लगेच नाही. पण उन्हाळ्यात सांभाळायचं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच. आमच्या लॅबमध्ये हाच विरघळलेला ऑक्सिजन, डीओ, काढायचो, मे महिन्यात आकडे खालीच यायचे. बंद डब्यातल्या कॅनिस्टरमध्ये लाईट गेल्यावर काही तासांत ऑक्सिजन संपतो, आतले जिवाणू मरायला लागतात, आणि लाईट आली की तेच कुजकं पाणी टाकीत. स्पंज टाकीतच उघडा असतो, त्यातले जिवाणू बराच वेळ तग धरतात. आपल्या बोईसरला महागाच्या फिल्टरपेक्षा स्वस्तातला जास्त भरवशाचा आहे, तो यासाठी. सेलवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घरात असू दे. लाईट नसताना खाणं घालायचं नाही. आणि हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव, नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर. तो पन्नास रुपयांतला व्हॉल्व्ह त्यासाठीच, नॉन रिटर्न."

"बिलाचं काय? चोवीस तास चालायचं म्हणजे..."

"तीन वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी दोन-सव्वादोन युनिट. पंधरा वॅटचा पॉवर फिल्टर अकरा युनिटच्या आसपास. रात्री झोपताना आवाज येतो म्हणून बंद करायची अनेकांना सवय असते, ती लावून घेऊ नकोस. जिवाणूंना रात्रपाळी असते."

"कंपनीतल्यासारखी," मावशी म्हणाल्या. काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"अजून एक," मी म्हटलं. "दुकानदार सांगतो, एक सकर मासा घ्या, टाकी तोच साफ करतो."

काकूंनी उरलेली पानंही खाली ठेवली. "सगळ्यात मोठी थाप ती. तो काचेवरचं शेवाळं थोडं चाटतो, आणि स्वतः एवढी विष्ठा करतो की फिल्टर दमतो. आज बोटाएवढा, दोन वर्षांत फूटभर. मग लोक काय करतात, मारवत नाही म्हणून नदीत नाहीतर तलावात सोडतात. अंगावर हाडांचं चिलखत, त्याला खाणारं कोणी नाही. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो पसरला. तिथल्या आपल्या माशांची अंडी खातो, जाळी फाडतो."

"तो काळा, खडबडीत?" मावशींनी विचारलं. "काट्यांचा? जाळ्यात अडकला तर सोडवता हात फाटतात. कोण खात नाय, कोण विकत नाय. सूर्येत नका सोडू बाय, हात जोडते."

"शेवाळं काढायला जुनं एटीएम कार्ड पुरतं," काकू म्हणाल्या. "आणि नायट्रेट कमी करायचं असेल तर मनी प्लांटची फांदी टाकीच्या काठाला लाव. मुळं पाण्यात, पानं बाहेर. ते नायट्रेट ओढून घेतं, फुकट. दुकानदार काळा कोळसाही देईल, अॅक्टिव्हेटेड कार्बन. तो रंग, वास, औषधाचा अंश काढतो, अमोनिया नाही. काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. औषध घातल्यानंतर काढायला उपयोगी, रोज लागत नाही."

"आणि फिल्टर धुवायचा कसा?"

"बंगल्यात तो नळाखाली, भांड्यांच्या साबणाने लख्ख धुतला होता. म्हणजे उरलेसुरले जिवाणूही गेले. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. काढलेल्या त्याच पाण्यात, बादलीत, स्पंज दोन-तीनदा पिळायचा. महिन्यातून एकदा-दोनदा पुरे. साबण नाही, नळ नाही. थोडा मळकट दिसला पाहिजे. आणि ते काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही."

"मग?"

"कुंपणावरून इकडे. माझ्या अळूला. नायट्रेट म्हणजे खतच की. सल्ल्याची फी समज."

मावशींनी पाटी डोक्यावर घेतली. "मासे कुठून आणणार?"

"मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटमधून. पिशवीत ऑक्सिजन भरून देतात."

"डहाणू लोकलच्या गर्दीत? माशांआधी तूच मरशील," मावशी म्हणाल्या आणि निघाल्या.

"दुपारच्या गाडीने ये," काकूंनी मार्ग काढला. "घरी आल्यावर पिशवी बंदच टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगू दे, पाण्याचं तापमान सारखं होऊ दे. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाल आणि जाळीने फक्त मासे टाकीत सोड. पिशवीतलं पाणी आत नाही. पण हे पुढच्या महिन्यात. आधी चार आठवडे टाकी नुसती चालू दे, आत तो जुना स्पंज आणि खाण्याची चिमूट."

"लेकाला काय सांगू? रिकामी टाकी बघत बसणार तो?"

"सांग, आत्ताच करोडोंनी जीव आहेत, फक्त दिसत नाहीत. आणि त्याच्या हातात ते किट दे. अमोनिया चढताना, मग उतरताना, मग नायट्राइट चढताना त्याने वहीत लिहायचं. दोन्ही शून्यावर आले की मासे. मलाही दाखव तो तक्ता. सवय जात नाही."

काका पुन्हा म्हणाले, "चहा?" या वेळी काकू गेल्या.

वाचकहो, तुमच्या घरातही अशी दोन फुटी टाकी असेल किंवा यायची असेल, तर काकूंचा हिशेब असा: स्पंज फिल्टर, हवेचा पंप, नळी आणि व्हॉल्व्ह सहाशेच्या आत. हायपोची पुडी, मूठभर शिंपले, मनी प्लांटची फांदी जवळपास फुकट. वाचलेल्या पैशांतून अमोनिया-नायट्राइटचं किट, आणि त्यानंतरही पैसे उरले तरच दुसरा स्पंज फिल्टर, म्हणजे एक पिळताना दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतील. आपल्या नळाला किंवा विहिरीला जे पाणी येतं, त्यात सुखाने राहील तोच मासा आणा. पहिला महिना मासे भरू नका. आणि नकोसा झालेला मासा परत दुकानात द्या, ओळखीच्या कोणाला द्या, पण नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. तिथे आधीच पुरेसं काय काय सोडलेलं आहे.